अल्गोरिदम हे एका ‘ख्वारिझमकरां’चे नाव आहे

आठवीच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारतो : अल्गोरिदम म्हणजे काय? हात पटापट वर होतात. कोणी सांगतं, मोबाइलवर पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा ते ठरवणारी वस्तू. कोणी सांगतं, ते मोठ्या कंपन्यांचं गुपित असतं. एखादा सांगतो की ते फक्त इंग्लिश मीडियमवाल्यांना जमतं. मग आम्ही तो शब्द फळ्यावर मराठीत लिहितो, खाली उर्दूत लिहितो आणि सांगतो की हे मुळात एका माणसाचं नाव आहे. आणि त्या माणसाला इंग्रजीचा एक शब्दही येत नव्हता. वर्ग एकदम शांत होतो.

त्यांचे नाव मुहंमद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी. मूसा हे वडील. ख्वारिझम हा मुलूख. आपल्याकडे चिपळूणचे ते चिपळूणकर, साताऱ्याचे ते सातारकर, तसे हे ‘ख्वारिझमकर’. हा प्रदेश अरल समुद्राच्या दक्षिणेला, आमू दर्या नदीच्या खालच्या खोऱ्यात आहे. आज त्याचा काही भाग उझबेकिस्तानात आणि काही तुर्कमेनिस्तानात येतो. आजूबाजूला वाळवंट, मधे नदीचे कालवे आणि कालव्यांवर जगणारी शेती, असा तो मुलूख. ख्वारिझ्मी यांचा जन्म इ.स. ७८० च्या सुमाराचा मानला जातो. मात्र त्यांचे नाव झाले ते बगदादमध्ये.

बगदाद तेव्हा अगदी नवे शहर होते. खलिफा मन्सूर यांनी इ.स. ७६२ मध्ये त्याची पायाभरणी केली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तिथे जगभरचा माल आला आणि मालाबरोबर पुस्तकेही आली. समरकंदमार्गे आलेली कागद बनवण्याची कला बगदादेत रुजली, त्यामुळे पुस्तक लिहिणे आणि नकलणे स्वस्त झाले. खलिफा मामून यांचा काळ इ.स. ८१३ ते ८३३. त्यांना इल्मची फार ओढ होती. त्यांच्या काळात ‘बैतुल हिकमा’ म्हणजे ज्ञानाचे घर भरभराटीला आले. यूनानी, फारसी, सुरयानी, संस्कृत अशा भाषांतली विद्या अरबीत येऊ लागली. भाषांतर करणाऱ्यांत आणि शिकणाऱ्यांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते, इतरही होते. ख्वारिझ्मी यांनी याच वातावरणात काम केले.

भारतातून तिथे काय गेले, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. इ.स. ७७० च्या दशकात मन्सूर यांच्या दरबारात भारतातून एक खगोलशास्त्राचा ग्रंथ पोहोचला. ‘सिद्धान्त’ या शब्दाचा अरबीत ‘सिंदहिंद’ झाला. ख्वारिझ्मी यांनी पुढे ग्रहताऱ्यांची कोष्टके तयार केली, त्यांचे नावच ‘झीज अल-सिंदहिंद’. आणि भारतातून दुसरी एक गोष्ट गेली, जिने सगळ्या जगाचा हिशेब बदलला : नऊ अंक आणि शून्य.

मराठीत आपण शून्य म्हणतो, उर्दूत सिफर. दोन्हींचा अर्थ एकच, रिकामे. या सिफरवरूनच पुढे युरोपात ‘झिरो’ आणि ‘सायफर’ हे दोन्ही शब्द झाले. आमच्या वर्गात मराठी मुलगा शून्य म्हणतो आणि उर्दू घरातला सिफर म्हणतो, तेव्हा आम्ही दोघांनाही शाबासकी देतो. कारण हा एकाच प्रवासातला शब्द आहे.

ख्वारिझ्मी यांनी या भारतीय अंकांवर एक पुस्तक लिहिले. त्याची अरबी प्रत आज उरलेली नाही. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरातून ते आपल्यापर्यंत आले. त्यात त्यांनी काय केले? एकक, दशक, शतक ही स्थाने समजावली. बेरीज, वजाबाकी, दुप्पट, निमपट, गुणाकार, भागाकार कसा करायचा हे एकेक पायरी करून सांगितले. एका स्थानाची बेरीज नऊच्या वर गेली तर दहाचा हातचा पुढच्या स्थानी न्यायचा. त्या स्थानी काहीच उरले नाही तर एक छोटे वर्तुळ ठेवायचे, म्हणजे जागा रिकामी राहून घोटाळा होणार नाही.

आता थोडं थांबून बघा. या दोन वाक्यांत प्रोग्रामिंगचे तीन शब्द येऊन गेले. पहिला शब्द ‘अल्गोरिदम’, म्हणजे काम पुरे होईपर्यंतच्या ठरलेल्या पायऱ्या, एकापुढे एक. दुसरा ‘कंडिशन’, म्हणजे अट : नऊच्या वर गेले तर हे करा, नाहीतर ते करा. तिसरा ‘लूप’, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, स्थाने संपेपर्यंत. तिसरीतलं पोर हातच्याची बेरीज करतं तेव्हा ते अट आणि लूप दोन्ही वापरत असतं. त्याला कोणी हे नाव सांगितलेलं नसतं, एवढंच.

त्या काळी भारतीय पद्धतीची आकडेमोड धूळ पसरलेल्या पाटीवर चाले. बोटाने आकडा लिहायचा, हिशेब पुढे सरकला की तो पुसायचा आणि त्याच जागी नवा लिहायचा. जागा तीच, किंमत बदललेली. प्रोग्रामिंगमध्ये याला ‘व्हेरिएबल’ म्हणतात, मराठी पुस्तकांत ‘चल’. चल म्हणजे नाव दिलेली जागा. आज तिच्यात पाच आहे, पुढच्या पायरीला आठ असेल.

त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक मात्र दुसरे. ते मामून यांच्या काळात लिहिले गेले आणि त्यांनाच अर्पण केलेले आहे. नाव ‘अल-जब्र वल-मुकाबला’च्या हिशेबाचे संक्षिप्त पुस्तक. या ‘अल-जब्र’वरूनच युरोपात ‘अल्जिब्रा’ शब्द तयार झाला. जब्र म्हणजे मोडलेले परत सांधणे. स्पॅनिश भाषेत तर हाड बसवणाऱ्यालाही याच शब्दावरून नाव पडले होते. मुकाबला म्हणजे समोरासमोर ठेवून तोलणे.

हे दोन्ही सोप्या हिशेबात असे दिसतात. विसातून एक अज्ञात संख्या वजा केली आणि उरले त्याच संख्येच्या चौपट, असे समजा. वजा झालेला तुकडा दुसऱ्या बाजूला नेऊन सांधला की वीस बरोबर पाच पट. म्हणजे संख्या चार. हा झाला जब्र. अज्ञात संख्येत दहा मिळवले आणि पंचवीस झाले, तर दोन्ही बाजूंचे दहा-दहा काढून टाका, उरले पंधरा. हा मुकाबला. अज्ञात संख्येला ते ‘शय’ म्हणत, म्हणजे आपल्या बोलीत चीज, वस्तू. आज मुलं तिला ‘एक्स’ म्हणतात. त्यांच्या पुस्तकात अधिक-उणेची चिन्हे नाहीत, सूत्रे नाहीत. सगळे गणित सरळ शब्दांत सांगितलेले आहे, एखाद्याला रस्ता सांगावा तसे.

पहिल्या आणि दुसऱ्या घातापर्यंतच्या समीकरणांचे त्यांनी सहा प्रकार पाडले. आलेला प्रश्न आधी सहापैकी कोणत्या प्रकारात बसतो ते बघायचे आणि मग त्या प्रकाराची रीत लावायची. त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण आम्ही मुलांना तोंडी करायला देतो. एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून एकोणचाळीस होतात, तर संख्या कोणती? रीत अशी. दहाचे निम्मे करा, पाच. पाचाचा वर्ग, पंचवीस. त्यात एकोणचाळीस मिळवा, चौसष्ट. त्याचे वर्गमूळ आठ. त्यातून ते निम्मे, म्हणजे पाच, वजा करा. उत्तर तीन. पडताळा घ्या : तीनचा वर्ग नऊ आणि दहापट तीस, एकूण एकोणचाळीस.

आता दहाच्या जागी दोन आणि एकोणचाळीसच्या जागी पस्तीस ठेवा. रीत तीच. दोनाचे निम्मे एक, त्याचा वर्ग एक, पस्तीस मिळवून छत्तीस, मूळ सहा, एक वजा, उत्तर पाच. आपण आत टाकले ते ‘इनपुट’, बाहेर आले ते ‘आउटपुट’. आणि एकदा लिहून ठेवलेली, कोणतेही आकडे घालून पुन्हा वापरता येणारी रीत म्हणजे ‘फंक्शन’. ख्वारिझ्मी एवढ्यावर थांबले नाहीत. चौरस आणि आयत काढून त्यांनी ही रीत का बरोबर येते तेही दाखवले. पाठांतर करून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

सहापैकी एका प्रकारात त्यांनी अटही स्पष्ट सांगितली. एका संख्येचा वर्ग अधिक एकवीस बरोबर त्या संख्येची दहापट, असा तो प्रश्न. दहाच्या निम्म्याचा वर्ग पंचवीस. त्यातून एकवीस गेले की चार, त्याचे मूळ दोन. पाचातून दोन वजा केले तर तीन आणि मिळवले तर सात, दोन्ही उत्तरे बरोबर. पण एकवीसच्या जागी पंचवीसपेक्षा मोठी संख्या आली तर? तर हा प्रश्न सुटत नाही. बरोबर पंचवीसच आली तर? तर उत्तर म्हणजे ते निम्मेच, पाच. असे झाले तर हे, तसे झाले तर ते, आणि दोन्ही नसेल तर तिसरे. प्रोग्राम लिहिणारा आजही अशाच फांद्या पाडतो. एखादी फांदी लिहायची राहिली की यंत्र तिथे अडते किंवा चुकीचे उत्तर देते. अशा चुकीला ‘बग’ म्हणतात.

आता या पुस्तकाचा तो भाग, ज्याबद्दल आपल्या घरांत क्वचितच बोलले जाते. हे पुस्तक दरबारातल्या पंडितांपुरते नव्हते. व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणे, भागीदारी अशा लोकांच्या रोजच्या गरजांसाठी ते लिहिले होते. आणि त्याचा मोठा भाग, जवळपास अर्धे पुस्तक, वारसा आणि वसीयत यांच्या हिशेबाला दिलेला आहे. कुराणात वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. पण प्रत्यक्ष घरात वारस अनेक असतात, वसीयत असते, देणी असतात. मग कोणाला नेमके किती, याचा हिशेब कोणी तरी बिनचूक करून द्यायला हवा होता. ते काम त्यांनी केले.

त्यांनी सोडवलेले एक उदाहरण असे. एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा आणि तीन मुली. तिने एका परक्या माणसाला मालमत्तेचा एक अष्टमांश आणि एक सप्तमांश द्यावा अशी वसीयत केली आहे. वाटणी कशी करायची?

आम्ही हे वर्गात प्रोग्रामसारखे लिहून घेतो. पहिली पायरी, इनपुट : मालमत्ता, वारस, वसीयत. दुसरी, मयताची देणी असतील तर ती आधी फेडा. हा क्रम चालत नाही असा समज करून घेऊ नका. शंभर रुपये आहेत, देणे चाळीस आहे आणि वसीयत एक तृतीयांशाची आहे. देणे आधी फेडले तर साठातले वीस वसीयतीला जातात. क्रम उलटा केला तर तेहतीसच्या वर जातात. पायऱ्या त्याच, क्रम बदलला, उत्तर बदलले. प्रोग्रामिंगमध्ये याला ‘सिक्वेन्स’ म्हणतात.

तिसरी पायरी, अट तपासा : वसीयत एक तृतीयांशाच्या आत आहे का? एक अष्टमांश अधिक एक सप्तमांश म्हणजे छप्पन्नातले पंधरा. तृतीयांशाच्या आत आहे, म्हणून पुढे चला. चौथी, पुन्हा अट : बाईला अपत्य आहे का? असेल तर नवऱ्याला पाव हिस्सा, नसेल तर अर्धा. इथे अपत्ये आहेत, म्हणून पाव. पाचवी, उरलेले पाच वाटे करा, मुलाला दोन आणि प्रत्येक मुलीला एक. ‘प्रत्येक मुलीला’ हे शब्द नीट वाचा. हा लूप आहे. मुलींची यादी संपेपर्यंत तो थांबत नाही.

अपूर्णांक टाळण्यासाठी सगळ्या मालमत्तेचे ११२० भाग धरा. वसीयतीला ३००. उरले ८२०. त्यातले नवऱ्याला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३. शेवटची पायरी, तपासणी : २०५, २४६ आणि तीन वेळा १२३ मिळून ८२०. त्यात ३०० मिळवले की ११२०. जमले. प्रोग्राम लिहिल्यावर तो असाच तपासतात, त्याला ‘टेस्टिंग’ म्हणतात.

एका वर्षी हे उदाहरण झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर आमच्याकडे आली. नाना वारले तेव्हा मामूंनी जमीन वाटून घेतली, पण अम्मी आणि खाला यांची पायरी कोणी केलीच नाही, असं ती सांगत होती. मग तिने विचारलं की तिथे बेरीज कशी काय जमली? आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतं. खरं तर बेरीज तिथे जमलेली नव्हतीच. दोन वारसांची नावे इनपुटमध्येच घातली नव्हती, म्हणून कागदावर ती जमल्यासारखी दिसत होती. यंत्राला आपण जेवढं सांगू तेवढंच ते करतं. माणसाचा हिशेबही तसाच. यादीतून बहिणीचं नाव गाळलं की उत्तर स्वच्छ दिसतं आणि चुकीचं असतं.

हक्क सोडला असं बहिणींनी लिहून दिलं, असं अनेक घरांत सांगतात. त्यावर निवाडा देणारे आम्ही कोण? ते काम आलिम आणि वकील मंडळींचं. पण आधी तिचा आकडा काढून तिच्यापुढे ठेवायला काय हरकत आहे? किती सोडतो आहोत हे तिला कळू तरी द्या. बाराशे वर्षांपूर्वी एका गणिती माणसाने या आकड्यांसाठी पुस्तकाचा एवढा मोठा भाग खर्च केला. तो भाग आपण न वाचता फक्त अल्जिब्राचा शोध आमचा असे म्हणत राहिलो, तर अभिमान कसला?

ख्वारिझ्मी यांचे बाकीचे कामही मोठे आहे. ‘सूरत अल-अर्ज’ या भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी दोन हजारांहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले, जुन्या यूनानी नकाशातल्या चुका दुरुस्त केल्या. यहुदी पंचांगावरही त्यांनी एक पुस्तिका लिहिली. परक्याची विद्या समजून घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. इ.स. ८५० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

त्यानंतर त्यांचे नाव एकटेच प्रवासाला निघाले. ११२६ मध्ये बाथच्या ॲडेलार्ड यांनी त्यांच्या खगोल-कोष्टकांचे लॅटिन भाषांतर केले. ११४५ मध्ये स्पेनच्या सेगोविया शहरात चेस्टरच्या रॉबर्ट यांनी अल-जब्रचे केले. अंकांच्या पुस्तकाच्या लॅटिन प्रतीत सुरुवातीलाच त्यांचे नाव येते. लॅटिन लोकांच्या तोंडी त्याचे ‘अल्गोरिझ्मी’ झाले. नव्या अंकांनी हिशेब करण्याच्या पद्धतीलाच लोक त्या नावाने ओळखू लागले. नवे अंक सहजी स्वीकारले गेले असेही नाही. १२९९ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला मनाई केली होती. पण सोयीची गोष्ट थांबत नाही. पुढे ‘अल्गोरिदम’ हा शब्द कोणत्याही ठरलेल्या रीतीला लागू झाला. १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी पायऱ्या पाळणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली, आणि त्या वाटेवर पुढे आजचे संगणक आले. १९७९ मध्ये तर अल्गोरिदमवर काम करणारे जगभरचे शास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या उर्गेंच शहरात जमले. ते शहर ख्वारिझम प्रांतातलेच. नाव शेवटी आपल्या गावी परत आले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ख्वारिझ्मी यांनी संगणक बनवला नाही, प्रोग्रामिंगची भाषाही लिहिली नाही. अंक भारताचे, भूमितीची रीत यूनानची. त्यांचे मोठेपण वेगळे आहे. कठीण काम त्यांनी अशा पायऱ्यांत मांडले की ज्याला ती विद्या येत नाही तोही पायरी न चुकता उत्तरापर्यंत पोहोचेल. प्रोग्रामर आज हेच करतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. घरात कॉम्प्युटर नाही म्हणून मुलाचं शिक्षण अडवू नका, आणि मुलगी आहे म्हणून तिला कोडिंगच्या वर्गातून काढू नका. सुरुवातीला वही-पेन्सिल पुरते. आज रात्री जेवण झाल्यावर हा हिशेब मुलांना द्या. एक बाई वारली, मागे नवरा, दोन मुलगे, एक मुलगी. देणे नाही, वसीयत नाही. मालमत्ता १,२०,००० रुपये. मुलांना आधी फक्त पायऱ्या लिहू द्या, आकडे नंतर. उत्तर नवऱ्याला ३०,०००, प्रत्येक मुलाला ३६,००० आणि मुलीला १८,००० यायला हवे. बेरीज करून बघा, जमते का. मग इनपुट बदला, दोन मुलगे आणि दोन मुली घ्या, आणि कोणती पायरी तीच राहते ते मुलांनाच शोधू द्या.

ती मागच्या बाकावरची मुलगी आता अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. मागच्या महिन्यात तिने आम्हाला मोबाइलवर तिचा पहिला प्रोग्राम दाखवला. वारसांची नावं टाकली की हिस्से सांगतो. पहिल्यांदा चालवताना तिने नानांच्या जमिनीचा हिशेब घातला होता. यादीत अम्मी आणि खाला दोघींची नावं होती.